पाचव्या ताटाचा हिशेब

२७ जानेवारी १९४५ ला आउशवित्झची छळछावणी मुक्त झाली. संयुक्त राष्ट्रांनी २००५ मध्ये हा दिवस होलोकॉस्टचा, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराचा, स्मरणदिन म्हणून ठरवला आणि हल्ली आपल्याकडच्याही काही शाळा त्या आठवड्यात काही ना काही करतात. यंदा आलेली पत्रं जवळजवळ एकाच विषयावरची आहेत : नाझींच्या काळात ज्यूंना आपल्या घरात लपवणाऱ्या साध्यासुध्या माणसांची ओळख मुलांना कशी करून द्यायची? त्यातले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : माझी मुलगी सात वर्षांची, मुलगा अकरा. त्याने ग्रंथालयातून अ‍ॅन फ्रँकची डायरी आणली आणि आता धाकटी विचारते, "ती कपाटामागे का राहत होती?" दोघांना एकत्र बसवून सांगू का? (एक आई, सातारा)

एकत्र नको. अकरा वर्षांच्या मुलाला दिलेलं उत्तर सात वर्षांच्या मुलीच्या कानावर पडतं आणि रात्री तिच्या उशाशी येऊन बसतं. धाकटीसाठी अ‍ॅनचं घर मुळातच योग्य नाही. त्या गोष्टीचा शेवट मृत्यू आहे. तो गाळून सांगितलात, तर आईने आपल्याला अर्धीच गोष्ट सांगितली हे तिला चार वर्षांनी कळणारच. तिच्यासाठी अशी गोष्ट निवडा जिच्यातलं लपलेलं कुटुंब वाचलं.

अल्बानियातल्या वेसेली कुटुंबाची गोष्ट या वयाला चपखल बसते. तिराना शहरातल्या एका फोटो स्टुडिओत रेफिक वेसेली नावाचा सतरा वर्षांचा मुलगा काम शिकत होता. तिथेच मोशे मांदिल नावाचे ज्यू छायाचित्रकार कामाला होते. ते बायको आणि दोन मुलांना घेऊन युगोस्लाव्हियातून पळून आले होते. १९४३ च्या सप्टेंबरमध्ये जर्मन सैन्य अल्बानियात आलं, तेव्हा रेफिक त्या चौघांना डोंगरातल्या क्रुया गावी आपल्या आईवडिलांकडे घेऊन गेला. रात्री खेचरांवरून वाटचाल, दिवसा गुहेत मुक्काम. क्रुयाला पोचल्यावर मोठी माणसं गोठ्यावरच्या एका खोलीत लपली. मुलं मात्र गावातल्या मुलांत मिसळून उघड्यावर खेळत राहिली. पुढे रेफिकच्या भावाने आणखी एक ज्यू कुटुंब आणलं, तेही तिथेच राहिलं. १९४४ च्या नोव्हेंबरपर्यंत कोणी सापडलं नाही. युद्ध संपल्यावर मांदिल कुटुंबाने रेफिकला आपल्याकडे बोलावून घेतलं आणि त्याचं फोटोग्राफीचं शिक्षण पुरं झालं. खेचरं, गुहा, गोठा, कॅमेरा. सात वर्षांच्या मुलीला धरून ठेवायला एवढं पुरे आहे.

कारण सांगताना दोन वाक्यांत सांगा : "दुसऱ्या देशाच्या सैन्याने एक फार वाईट नियम केला होता. ज्यू लोकांना ते पकडून नेत, म्हणून त्यांना लपावं लागलं." "नेऊन काय करत?" असा प्रश्न आला तर खोटं सांगू नका. "त्यांचे फार हाल करत, पुष्कळ लोक मेले" इतकं म्हणून थांबा. छावण्या, गॅस, आकडे यातलं काही नको. गोष्ट झोपताना न सांगता दुपारी सांगा, म्हणजे नंतर खेळायला, विचारायला, विसरायला वेळ मिळतो. ज्यांनी हा विषय मुलांना वर्षानुवर्षं शिकवला आहे ते शिक्षक एक साधी कसोटी लावतात : मुलाला हात धरून आत नेलंत, तसं हात धरून बाहेरही आणलंत का?

थोरल्याला मीप खीस यांच्यापासून सुरुवात करून द्या. अ‍ॅमस्टरडॅममधल्या अ‍ॅनच्या वडिलांच्या कचेरीत काम करणारी ही बाई मूळची व्हिएन्नाची. पहिल्या महायुद्धानंतर तिथे उपासमार झाली, तेव्हा १९२० मध्ये अकरा वर्षांच्या मीपला आगगाडीने नेदरलँड्सला पाठवण्यात आलं आणि एका अनोळखी डच कुटुंबाने तिला जेवूखाऊ घालून वाढवलं. म्हणजे ती तुमच्या मुलाच्या वयाची असताना कोणीतरी आपल्या ताटातलं तिला दिलं होतं. त्यामुळेच तिने पुढे अ‍ॅनच्या कुटुंबाला मदत केली, असं मात्र जोडून टाकू नका. तसा जोड मुलाला स्वतः लावू द्या किंवा न लावू द्या.

दोघांसाठीही एक पायरी बहुतेक घरांत राहून जाते : ज्यू म्हणजे कोण? मुलाला ज्यू पहिल्यांदा भेटतो तो कपाटामागे दडलेला, आणि मग ज्यू म्हणजे घाबरलेला माणूस अशी त्याची समजूत होऊन बसते. मराठी घरात तर ही अडचण यायलाच नको. कोकण किनाऱ्यावरच्या बेने इस्रायली ज्यूंची मातृभाषा मराठी आहे. तेल गाळायचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावोगाव त्यांना 'शनवार तेली' म्हणत. मुंबईचे १९३७ चे महापौर डॉ. ई. मोझेस हे बेने इस्रायली. महालक्ष्मी-वरळीचा रस्ता त्यांच्या नावाने आहे. हिंदी सिनेमातले डेव्हिडही त्याच समाजातले. इस्रायलला गेलेल्या या लोकांनी तिथे 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. आधी हे शेजारी भेटू द्या, अलिबागकडे जाणं झालं तर तिथलं सिनेगॉग दाखवा आणि युरोप त्यानंतर येऊ द्या.

प्रश्न : आमच्या नववीच्या पुस्तकात नाझीवादाचं प्रकरण आहे. मला चाळीस मिनिटांचे तीन तास मिळू शकतात. मुलांना अनुभव यावा म्हणून वर्गात अंधार करून पंधरा मिनिटं हालचाल न करता बसवावं, असं एका सहकाऱ्याने सुचवलं आहे. करावं का? (इतिहासाच्या शिक्षिका, पुणे)

नाही. पाच मिनिटांत मागच्या बाकावर खुसखुस सुरू होते आणि उरलेली दहा मिनिटं मुलांना दटावण्यात जातात, हे तर झालंच. पण प्रयोग यशस्वी झाला तर जास्त वाईट. मुलं "आम्हाला कळलं लपणं कसं असतं" असं म्हणत घरी जातात, आणि त्यांना काहीच कळलेलं नसतं. शिवाय चाळीस मुलांत एखादं तरी असं असतं जे घरी खरोखरच कोणापासून तरी लपत असतं. नाझी ज्यूंना सक्तीने लावायला लावत तसे पिवळे तारे शिवून अंगावर लावणं, निम्म्या वर्गाला 'ज्यू' आणि निम्म्याला 'सैनिक' करणं, हेही त्याच कारणांसाठी टाळा.

तीन तास असे वापरता येतील.

पहिल्या तासात लपवाछपवी आणूच नका. नेदरलँड्सचा नकाशा लावा आणि फळ्यावर फक्त हुकमांचा क्रम लिहा. मे १९४० : जर्मन सैन्य आलं. वर्षअखेर : ज्यू सरकारी नोकर कामावरून दूर. जानेवारी १९४१ : प्रत्येक ज्यूने नाव नोंदवायचं. सप्टेंबर १९४१ : ज्यू मुलांच्या शाळा वेगळ्या. मे १९४२ : सहा वर्षांवरच्या प्रत्येकाच्या कपड्यावर पिवळा तारा. जून : सायकली जमा करा. जुलै : गाड्या पूर्वेकडे निघाल्या. एकेका ओळीपाशी थांबून एकच विचारा : या दिवशी शेजारच्या घरातल्या माणसाला काय दिसलं असेल? सायकलींपाशी वर्ग हमखास बोलका होतो, कारण सायकल काढून घेणं म्हणजे काय हे नववीतल्या मुलाला लगेच कळतं.

दुसरा तास हिशेबाचा, आणि तिन्हींतला महत्त्वाचा. मुलांना सांगा : चार माणसांचं घर आहे, त्यात पाचवं माणूस आलं आहे, आणि ते आलेलं कोणालाही कळता कामा नये. मुदत माहीत नाही. सहा-सात जणांचे गट करा आणि प्रत्येक गटाला एकेक खातं द्या : जेवण, आवाज, धुणं आणि कचरा, आजारपण, पैसा, पाहुणे आणि शेजारी. दहा मिनिटांत त्यांनी यादी करायची. धाडस, त्याग असे शब्द वापरायला बंदी; फक्त वस्तू आणि कामं लिहायची. चाळीत किंवा सोसायटीत वाढलेली मुलं यात पटाईत असतात. दोरीवर एक शर्ट जास्त दिसतो. पाचवा टूथब्रश. खोकला. दुधाची पिशवी एक वाढली तर दूधवाला विचारणार. घरात सगळे बाहेर गेलेले असताना नळ वाजला तर?

मग खऱ्या घरांचे तपशील पुढे ठेवा. तेव्हाच्या नेदरलँड्समध्ये जवळजवळ सगळं खाणं कूपनांवर मिळे, आणि कूपन रेशनकार्डाशी जोडलेलं. लपलेल्या माणसाचं कार्ड वापरता येत नसे. त्यामुळे पाचवं ताट म्हणजे एक तर चौघांच्या ताटांतून काढायचं, नाही तर काळ्या बाजारातून आणायचं. १९४२ च्या अखेरीस गुप्तपणे उभी राहिलेली एक देशव्यापी संघटना लपलेल्यांना घरं आणि कूपनं पुरवू लागली. तिच्यासाठी रेशन कचेऱ्यांवर चक्क दरोडे पडत. डच भाषेत अशा लपण्याला 'पाण्याखाली बुडणं' म्हणतात. आपल्या 'बुडी मारली'ची आठवण व्हावी असा शब्द आहे, पण इथे बुडणाऱ्याचा श्वास वर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात असे.

अ‍ॅनच्या वडिलांची कचेरी होती त्या, प्रिन्सनग्राख्त कालव्यावरच्या २६३ नंबरच्या इमारतीत अ‍ॅनसह आठ माणसं ६ जुलै १९४२ पासून टप्प्याटप्प्याने येऊन राहिली आणि ४ ऑगस्ट १९४४ ला पकडली गेली. खाली गोदाम, तिथल्या बहुतेक कामगारांना काहीच माहीत नाही. म्हणून सकाळी साडेआठपासून वर चपला नाहीत, नळ नाही, संडासात पाणी सोडणं नाही. साडेबाराला कामगार जेवायला गेले की थोडी सैल हालचाल, मग पुन्हा साडेपाचपर्यंत गप्प. मीप भाजी आणत, कचेरीतल्याच बेप फोस्काउल दूध वर पोचवत. बेपच्या वडिलांनी दार झाकणारं फिरतं पुस्तकांचं कपाट बनवलं. कचेरीतले कूग्लर आणि क्लाइमन यांनी धंदा चालू ठेवून वरच्या माणसांचा खर्च भागवला. मीपचे पती यान कूपनांच्या खटपटीत. आता साखळी कशी तुटते ते दाखवा : जवळचा भाजीवाला मे १९४४ मध्ये पकडला गेला, कारण त्याने स्वतःच्या घरी दोन ज्यूंना लपवलं होतं. त्याच्या अटकेचा परिणाम वरच्या आठ जणांच्या ताटात दिसला. सकाळचा नाश्ताच बंद झाला. नाव कोणी फोडलं हे आजतागायत खात्रीने सांगता आलेलं नाही, तेव्हा 'गद्दार कोण' या शोधात तास घालवू नका. मुलं त्यात फार रमतात आणि भाजीवाला मागे पडतो.

हार्लेम गावातलं टेन बोम कुटुंबाचं घड्याळांचं दुकान हे दुसरं उदाहरण. वरच्या मजल्यावरच्या एका झोपायच्या खोलीत त्यांनी खरी वाटणारी खोटी भिंत उभारून घेतली. ती विटांची होती, कारण लाकडी फळी ठोकल्यावर पोकळ वाजते. मागे जेमतेम पाऊण मीटर रुंद जागा. आत शिरायची वाट कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणातून, रांगत. घरात धोक्याची घंटा बसवली होती आणि तालीम होत असे. घंटा झाली की एखाद्या मिनिटात सगळे आत. पण माणसं आत गेली म्हणजे काम संपलं, असं नाही. जेवणाच्या टेबलावरची जास्तीची ताटं उचलायची. गाद्या उलट्या करायच्या, कारण नुकत्याच झोपलेल्या माणसाची ऊब हाताला लागते. ही गाद्यांची गोष्ट सांगितली की वर्ग शांत होतो; अंधार करायची गरज पडत नाही. २८ फेब्रुवारी १९४४ ला छापा पडला. कुटुंब पकडलं गेलं, घरावर पहारा बसला; पण भिंतीमागचे सहा जण सापडले नाहीत. अन्नपाण्यावाचून सुमारे ४७ तासांनी त्यांना बाहेर काढता आलं. म्हातारे वडील कास्पर दहा दिवसांत कैदेत असतानाच वारले, मुलगी बेत्सी त्याच वर्षी डिसेंबरात राव्हन्सब्रुकच्या छावणीत.

तिसरा तास ज्यांनी दार उघडलं नाही त्यांचा. हा गाळला तर पहिले दोन तास खोटे ठरतात, कारण मुलांच्या मनात "तेव्हा सगळे एकमेकांना लपवत होते" असं चित्र राहतं. नेदरलँड्समध्ये सुमारे १,४०,००० ज्यू होते. त्यांतले सुमारे १,०७,००० गाड्यांत घालून नेले गेले. परत आले साधारण पाच हजार. २५ ते ३० हजार लोक लपले आणि त्यांतले अंदाजे एक तृतीयांश सापडले. एका ज्यूला पकडून देण्याचं बक्षीस साडेसात गिल्डरपासून सुरू झालं आणि पुढे चाळीसपर्यंत गेलं. पोलंडमध्ये ऑक्टोबर १९४१ च्या हुकमाने ज्यूंना आसरा देणाऱ्यालाही मृत्युदंड होता. मार्कोवा गावात २४ मार्च १९४४ ला युझेफ आणि विक्टोरिया उल्मा, त्यांची सहा मुलं आणि त्यांच्याकडे लपलेले आठ ज्यू यांना गोळ्या घातल्या गेल्या. आणि त्यानंतरही त्याच गावात इतर घरांत लपलेले सुमारे वीस ज्यू युद्ध संपेपर्यंत जिवंत राहिले. उल्मांचा तपशील नववीच्या खाली सांगू नका.

वर्गात "तुम्ही काय केलं असतं?" हा प्रश्न विचारूच नका. चाळीसच्या चाळीस हात वर जातात आणि चर्चा तिथेच संपते. त्याऐवजी विचारा : "पहिल्या आठवड्यात तुम्हाला कोणाकोणाची मदत लागली असती? दूध, औषध, कागदपत्रं, गप्प बसणं?" एका लपलेल्या माणसामागे कितीतरी माणसं लागत, हे या प्रश्नातून आपोआप येतं.

प्रश्न : स्मरणदिनाच्या सुमाराला दोन संदेश दरवर्षी फिरतात. एक, डेन्मार्कच्या राजाने ज्यूंसाठी स्वतः पिवळा तारा लावला. दुसरा, इरेना सेंडलर या बाईंनी हत्यारांच्या पेटीतून २,५०० मुलं बाहेर काढली आणि भुंकायला शिकवलेला कुत्रा सोबत असे. मुलांना सांगू ना? (निवृत्त मुख्याध्यापक, नाशिक)

पहिला सांगू नका. डेन्मार्कमध्ये ज्यूंना तारा लावायचा हुकूमच निघाला नाही. मग राजा लावणार कुठून? खरी हकिगत यापेक्षा रसाळ आहे. १९४३ च्या सप्टेंबरअखेर डुकवित्झ या जर्मन वकिलातीतल्या माणसाने धरपकडीची तारीख आधीच फोडली. मग काही आठवड्यांत सुमारे ७,२०० ज्यू आणि त्यांचे सुमारे ७०० नातलग मासेमारीच्या होड्यांतून स्वीडनला पोचवले गेले. खाडी सर्वांत अरुंद जागी चारेक किलोमीटर, म्हणजे गेटवेपासून घारापुरीच्या निम्म्याहूनही कमी. पण होड्या बहुतेक रुंद जागांवरून, रात्रीच्या थंडीत जात. सुमारे ४७० जण पकडले जाऊन तेरेझिनच्या छावणीत गेले. गिलेलाय गावात चर्चच्या माळ्यावर लपलेले ऐंशीच्या आसपास लोक एका रात्रीत सापडले. आणि कोळ्यांनी पैसे घेतले, माणशी सरासरी हजार क्रोनर, काहींनी बरेच जास्त. मुलं इथे चिडतात. चिडू द्या, मग विचारा : होडी जप्त झाली तर कोळ्याचं घर कशावर चाललं असतं? ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यांच्यासाठी वर्गण्या झाल्या, हेही सांगा.

सेंडलर यांच्याबद्दल थोडं गाळून सांगा. त्या वॉर्सात समाजकल्याण खात्यात होत्या, संसर्गाच्या तपासणीच्या नावाखाली ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत जायचा परवाना त्यांच्याकडे होता आणि 'झेगोता' या गुप्त संघटनेच्या बालविभागाचं काम त्या पाहत. मुलं अनेक वाटांनी बाहेर आली : रुग्णवाहिकेतून, दोन्हीकडे दारं असलेल्या न्यायालयाच्या इमारतीतून, गटारांतून. २,५०० हा आकडा पूर्ण जाळ्याचा म्हणून सांगितला जातो आणि त्यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. एका बाईने पेटीतून अडीच हजार मुलं नेली असं समजणं चूक. त्यांच्यासोबतच्या कितीतरी बायका त्या एका पेटीखाली गाडल्या जातात. मुलांना खरं तर बरणी दाखवायला हवी. मुलांची खरी आणि खोटी नावं पातळ कागदाच्या पट्ट्यांवर लिहून ती बरणीत घालून जमिनीत पुरली होती, कारण मोठेपणी आपण कोण हे त्यांना कळायला हवं होतं. युद्धानंतर यादी वर आली. बहुतेकांचे आईवडील तोवर ट्रेब्लिंकाच्या छावणीत मारले गेले होते.

संदेश तपासायची घरगुती रीत : जेरुसलेमच्या याद वाशेम या संस्थेने १९६३ पासून अशा माणसांची छाननी करून २८ हजारांहून अधिक नावं नोंदवली आहेत आणि त्या नोंदी तिच्या संकेतस्थळावर शोधता येतात. नाव तिथे आहे का, हे पाहा. मग ज्या देशाची गोष्ट आहे तिथे तो हुकूम खरोखर होता का, हे पाहा. आकडा एका माणसाचा की जाळ्याचा, हे विचारा. मात्र नाव न सापडणं म्हणजे गोष्ट खोटी असं नाही. तिथे वाचलेल्याची साक्ष लागते, आणि पुष्कळदा साक्ष द्यायला कोणी उरलंच नाही.

प्रश्न : वळिवड्याच्या छावणीत आम्ही पोलिश मुलांबरोबर खेळलो असं आमचे वडील सांगत. मग होलोकॉस्टमधल्या मदतनीसांत कोल्हापूरचं नाव घ्यायला काय हरकत आहे? (कोल्हापूर)

हरकत आहे, कारण ती गोष्ट वेगळी आहे, आणि स्वतःच्या पायावर उभी राहण्याइतकी मोठी आहे. १९४० पासून सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधल्या लाखो लोकांना सायबेरिया आणि मध्य आशियात हाकललं. त्यांतून सुटलेले सुमारे पाच हजार लोक १९४३ पासून वळिवड्याला राहिले; बहुतेक कॅथलिक, मुख्यतः बायका आणि मुलं. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगर वसलं. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला ठेवून घेतलेली पोलिश मुलंही याच प्रवाहातली. यांना छळणारे वेगळे, कारण वेगळं. शिवाय इथे सरकारी परवानगीने उघड छावणी होती. लपवणाऱ्याच्या मानेवर सुरी नव्हती.

महाराष्ट्राचा खरा धागा हवा असेल तर मुंबईत आहे. १९३३ नंतर जर्मनी, ऑस्ट्रिया, चेकोस्लोव्हाकियातून काही ज्यू मुंबईला आले, आणि इथल्या ज्यूंनी १९३४ मध्ये त्यांच्यासाठी मदत संस्था काढली. त्या निर्वासितांतले वॉल्टर कॉफमन आकाशवाणीत संगीत विभागात होते. आकाशवाणीची सकाळची धून त्यांच्या नावावर सांगितली जाते. ती धून मोबाइलवर ऐकवा आणि मग विचारा, हा माणूस इथे का आला असेल?

प्रश्न : माझा नातू दहा वर्षांचा. गोष्ट ऐकून म्हणाला, "आजी, ते सगळे पोलिसांशी खोटं बोलत होते. आणि तू मला खोटं बोलू नको म्हणतेस." काय उत्तर देऊ? (डोंबिवली)

"शाबास, बरोबर पकडलंस" हे पहिलं उत्तर. हा प्रश्न त्या माणसांनाही पडला होता. दक्षिण फ्रान्समधल्या ल शाँबों-स्युर-लिन्यों या डोंगरी गावाचे पाद्री आंद्रे त्रोक्मे शांततावादी होते, खोटेपणाचा त्यांना मनापासून तिटकारा. अधिकाऱ्याने ज्यूंची नावं मागितली तेव्हा आपल्याला ज्यू कोण ते ठाऊक नाही, माणसं तेवढी ठाऊक आहेत, अशा अर्थाचं त्यांनी सुनावलं. पण गावाचं काम अशा बाणेदार वाक्यावर भागलं नाही. बनावट ओळखपत्रं लागली. ती करणारा ऑस्कर रोसोव्स्की हा अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा स्वतः ज्यू होता. टंकलेखन यंत्रं दुरुस्त करण्याच्या कामामुळे सरकारी कचेऱ्यांत त्याचा वावर झालेला, म्हणून कागद आणि शिक्के कसे असतात ते त्याला माहीत होतं. तो ज्या शेतकऱ्याकडे राहत होता तिथे ही कागदपत्रं मधमाश्यांच्या पेट्यांत लपवलेली असत. झडती घ्यायला आलेला माणूस पोळ्यात हात घालत नाही! नातवाला हे नक्की आवडेल, आणि ज्यू नुसते वाचवले जात नव्हते, स्वतःला आणि इतरांना वाचवतही होते, हेही त्याला यातून कळेल.

"चांगल्या कामासाठी खोटं चालतं" असा नियम मात्र त्याच्या हाती देऊ नका. दुसऱ्या दिवशी तो गृहपाठाला वापरला जातो. खोट्याची किंमतही सांगा. लपलेल्या लहान मुलांना स्वतःचं नाव विसरायला शिकवलं जाई. युद्धानंतर आई न्यायला आली तेव्हा काहींनी तिला ओळखलं नाही, आणि वाढवणाऱ्या बाईचा पदर सोडेनात. मग नातवालाच विचारा, पोलिसाला खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? त्याचं उत्तर ऐकून गप्प बसा.

प्रश्न : छावण्यांचे फोटो दाखवावेत का? (ठाणे)

बारा-तेरा वर्षांपर्यंत नाही. पुढेही प्रेतांचे नाहीत. लपायच्या आधीचे घरगुती फोटो दाखवा : वाढदिवस, सायकल, वर्गाचा गट. अ‍ॅनचं लपायचं घर तर त्या संग्रहालयाच्या संकेतस्थळावर खोलीखोलीने फिरून पाहता येतं.

प्रश्न : आमची मुलं भित्तिपत्रक करत आहेत. नावं देवनागरीत कशी लिहायची? इंग्रजी स्पेलिंगवरून भलतंच होतं. (सोलापूर)

होतं खरं. 'मिएप गाइस' नव्हे, मीप खीस. डचमधला तो 'ग' आपल्या 'ख'कडे झुकतो. गावाचं नाव ल शाँबों, शेवटचा 'न' नाकात जिरवायचा. त्रोक्मेमधला 'मे' स्पष्ट, 'ट्रॉकम' नाही. पोलिश बाईचं नाव तिकडे इरेना सेंडलेरोवा असंही लिहितात, सेंडलर चालेल. अल्बानियातलं गाव क्रुया, क्रुजा नव्हे, आणि मुलाचं नाव रेफिक, रफिक नव्हे. अ‍ॅन फ्रँक तेवढं राहू द्या. डच उच्चार 'आना फ्रांक'च्या जवळ जातो, पण मराठीत ती अ‍ॅन म्हणूनच रुळली आहे, आणि भित्तिपत्रक वाचणाऱ्याला ती ओळखू यायला हवी.